हिरवा ठिपका

सेनगावात कॉम्प्युटरच्या दुकानी झेरॉक्ससाठी बसले होते मी. एक बाई आली, कोकरू धरावं तसा लॅपटॉप पोटाशी धरून. तिचा भाऊ दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला, फोनही बंद. दोघं मिळून गेम खेळायची. तो खेळत असला की गेमच्या ॲपात त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका येतो म्हणे. तेवढाच बघायचा होता तिला.

"ताई, ॲप विंडोजवर चालतं, तुमच्यात आता लिनक्स टाकलेलं हाय. लई तकलीफ देऊन राहिलं," दुकानदार म्हणाला.

"कराच, भाऊ." पदरानं ती स्क्रीन पुसत राहिली.

अखेर उघडलं. भावाच्या नावापुढं ठिपका न्हवता; शेवटचं खेळल्याची तारीख होती, घर सोडलं त्याच दिवसाची.

"सोडला असंल गेम," मी म्हटलं.

"जेवण सोडंल मावशी, गेम न्हाई. हे बंद होतं तवर माझ्यासाठी तरी तो खेळून राहिला होता."