एका माणसापुरत्या गोळ्या

माझी बदली सोलापूरच्या डिटॅचमेंटवर झाली तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू व्हायला वर्षभर अवकाश होता. विजापूर रोडला माळावर कॅम्प, जवान शंभर-सव्वाशे. मी लान्स नाईक, नर्सिंग ऑर्डर्ली, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा मदतनीस. डॉक्टर जागेवर नसले की शिपाई मलाच डॉक्टर म्हणायचे आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की साडेसहाला सिक परेड, आजारी जवानांची रांग. हिवतापाला कुनैन, जखमेला आयोडिन, घसा धरला तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पडशाला काही नाही. पण काही नाही म्हटलं की जवान रुसायचे, म्हणून ओव्याचा काढा पाजायचो. आमच्या कॅप्टन डॉक्टरांचं म्हणणं एकच असायचं, की आधी रोग ओळख, मग बाटलीला हात लाव.

त्या हिवाळ्यात पुण्याहून सल्फाच्या गोळ्या आल्या. औषध नवं. न्यूमोनियाचा मरायला टेकलेला माणूस त्यानं उठून बसतो असं ऐकून होतो. बाटली एकच, एका रोग्याला पुरेल एवढी. डॉक्टरांनी बजावलं की न्यूमोनियाशिवाय ती उघडायची नाही, आणि एकदा सुरू केली की घड्याळ लावून पुरी द्यायची. एवढं सांगून ते सोमवारी चार दिवसांसाठी पुण्याला गेले. औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे राहिली.

बुधवारी प्लाटूनांची रस्सीखेच होती. मंगळवारी सकाळी आमच्या प्लाटूनचे दोर ओढणारे आठही गडी नाकं ओढत सिक परेडला उभे. मागोमाग प्लाटूनचे प्रमुख जमादारसाहेब आले. ते बार्शीचे, मीही बार्शीचा.

"ती नवी गोळी काढ की," म्हणाले. "उद्या दोर ओढायचाय."

मी म्हणालो, साहेब, ती पडशाची नाही. ते म्हणाले, पडसं काय न् न्यूमोनिया काय, शेवटी छातीच की. इथं मी अडायला हवं होतं. ऑर्डर होती म्हणून ऐकलं, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. तसं नव्हतं. आठ जण माझ्या हाताकडे बघत होते आणि मला मोठेपणा हवा होता. अक्कल गहाण ठेवून मंगळवारी दिवसभर आणि बुधवारी सकाळी मी गोळ्या वाटल्या. पडसं तसंही उतरणीला लागलं होतं. मॅच आम्ही जिंकलो. शेवटचा गडी, दोर अंगाला गुंडाळून उभा राहणारा, जेऊरचा शिपाई श्रीपती. त्यानं मला खांद्यावर घेऊन कॅम्पभर नाचवलं.

गुरुवारी साडेसहाला तोच सिक परेडला आला. हुडहुडी, बरगडीत कळ, थुंकी तांबूस. ताप एकशे चार.

"श्वास घेतला की टोचतंय," म्हणाला.

मी कपाट उघडलं. बाटलीत सहा गोळ्या होत्या. त्या दिल्या. संध्याकाळपर्यंत ताप थोडा उतरला आणि गोळ्या संपल्या. शहरातले दवाखाने पालथे घातले, ते औषध कुणाकडंच नव्हतं. पुण्याला तार केली. शुक्रवारी सकाळी नऊला डॉक्टर गोळ्या घेऊन कॅम्पवर पोहोचले. श्रीपती आठ वाजून दहा मिनिटांनी गेला होता.

डॉक्टरांनी रिकामी बाटली बघितली, मग सिक रजिस्टर उघडलं.

"पडसं आपोआप जातं, हे तुला माहीत होतं?"

"होय, साहेब."

चौकशी झाली, मला नुसती तोंडी ताकीद मिळाली. कागदावर 'शिपाई श्रीपती, वय बावीस, आजारानं मृत्यू' असं पडलं. त्याचं औषध माझ्यापाशी होतं आणि मी ते पडशाला वाटून बसलो, हे कुठल्याच कागदावर नाही. म्हणून इथं लिहितोय.

त्याचं सामान पोचवायला जेऊरला मलाच पाठवलं. आई उंबऱ्यात बसली होती. ट्रंकेकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"बाबा, माझ्या लेकाला औशद मिळालं का न्हाय?"

"व्हय, मिळालं की," मी म्हणालो.

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, तू जवळ व्हतास, लई बरं झालं. मग तिनं मला भाकरी वाढली, आणि मी ती खाल्ली.