आम्ही मॅच बघायला जात नाही

लेक मास्ट्रिख्टला शिकायला गेली आणि आमच्या आल्मेरेच्या घरातली वरची खोली रिकामी झाली. त्याच सुमारास तिच्या टेनिस क्लबची ईमेल आली. इथल्या डच क्लबांचा नियम असा की सभासदांनी आळीपाळीने बारमागे उभं राहून कॉफी आणि बिअर द्यायची. लेक गेली तरी तिची ती ड्यूटी माझ्या गळ्यात पडली होती, त्यामुळे ईमेलही मलाच येत. जुलैत क्लबवर बायकांची व्यावसायिक स्पर्धा असते, परदेशी खेळाडूंना आठवडाभर घरी ठेवून घेणारी कुटुंबं हवी आहेत, असं त्यात लिहिलं होतं.

"आपल्याकडे कोण राहणार गं? सकाळी सकाळी फोडणीचा वास," नवरा म्हणाला. मी त्याच मिनिटाला हो कळवून टाकलं. माझ्या फोडणीला नावं ठेवलेली मला चालत नाहीत.

व्यावसायिक टेनिस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचं होतं, गाड्या आणि फुलं आणि लाखो माणसं. आमच्या दारात उभी राहिली ती एक सडपातळ फ्रेंच मुलगी, रात्रभर बसमध्ये बसून आल्यामुळे चेहरा पार उतरलेली, पाठीवर तिच्याहून मोठी रॅकेटची बॅग. सव्वीस वर्षांची होती. आल्या आल्या तिने विचारलं, वॉशिंग मशीन वापरलं तर चालेल का. लेकीने फोनवरून तिला बजावलं की मोठ्या बाईला नावाने हाक मारायची नाही, तेव्हापासून मी काकू आणि नवरा काका. "काकू"मधला दुसरा स्वर तिला कधी धड जमला नाही, पण फोडणीचे पोहे मात्र पहिल्या दिवसापासून जमले. दोनदा वाढून घेतले तिने. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने पेपरात डोकं घातलं.

हळूहळू तिची हकिकत कळली. सतरा वर्षांची असताना पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत तिला खेळायला मिळालं होतं. पहिल्याच मॅचला हरली, पण गावात सगळे म्हणाले, अजून वय आहे. मग वय गेलं. तेव्हापासून ती खालच्या पायऱ्यांवर खेळत होती. ट्युनिशिया, पोर्तुगाल, तुर्कस्तान, जिथे प्रवेश मिळेल तिथे. या स्पर्धांना ना तिकीट असतं ना प्रेक्षक. बॉल उचलायलासुद्धा माणूस नसतो, पॉइंट संपला की खेळाडू स्वतःच जाळ्याशी जाऊन बॉल गोळा करते. मी विचारलं, तुझ्याबरोबर कोण असतं? ती म्हणाली, "फोन."

पुढे दर जुलैत ती आमच्याकडेच उतरायला लागली. पहिल्या वर्षी आम्ही सहकुटुंब मॅच बघायला गेलो. ती पुढे होती. आम्ही बाकावर बसलो, डबा उघडला, आणि तिथून तिचं जे बिनसलं ते हरेपर्यंत. दुसऱ्या वर्षी नवरा ऑफिसातून अर्धी रजा काढून एकटा गेला. हरली. तिसऱ्या वर्षी माझी दाढ दुखत होती आणि त्याचं काम निघालं, म्हणून कुणीच गेलं नाही, तर ही ओळीने तीन मॅच जिंकून उपांत्य फेरीत. शनिवारी आम्ही उत्साहाने गेलो आणि तासाभरात खेळ खलास.

त्या संध्याकाळी नवऱ्याने निकाल दिला. "हे बघ, मी काही अंधश्रद्धाळू माणूस नाही. सॅम्पल साइज छोटी आहे, मान्य. पण पॅटर्न आहे. आपण पनवती आहोत."

हा माणूस ॲमस्टरडॅमच्या एका बँकेत आयटीत आहे, दिवसभर आकड्यांशी खेळतो. पण भारताची मॅच असली की विकेट पडायच्या वेळी जो जिथे बसलेला असेल त्याला त्याने तिथून कधी उठू दिलेलं नाही. माझ्या भावाला एकदा पूर्ण डाव बाल्कनीत काढावा लागला होता, कारण तो बाल्कनीत गेला आणि षटकार बसला. अशा घरात मी नांदते. खरं तर मी चिडायला हवं होतं. लग्नानंतर महिनाभरात नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा सासरच्या एका आत्याबाईंनी मला पांढऱ्या पायाची म्हटलं होतं, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण इथे प्रश्न माझा नव्हता, त्या पोरीचा होता. कोण जाणे, असेलही, उगाच विषाची परीक्षा कशाला, असं म्हणून मी गप्प बसले. ठरलं. तिला खाऊ घालायचं, डबा द्यायचा, कोर्टाकडे फिरकायचं नाही. तिला कारण सांगायचं नाही, कारण सांगितलं की गुण जातो म्हणे. लेकीला कळल्यावर ती फोनवर म्हणाली, "आई, डू नॉर्माल!" म्हणजे डचमध्ये, माणसासारखं वाग. तिला काय जातंय सांगायला.

चौथ्या वर्षी ती दोन मॅच जिंकली आणि नवऱ्याचा सिद्धान्त पक्का झाला.

गेल्या जुलैत ती पाचव्यांदा आली. गुडघ्याला पट्टी होती. जेवताना तिने शांतपणे सांगितलं की ही शेवटची स्पर्धा. नंतर ती गावातल्या क्लबात लहान मुलांना शिकवणार होती. मी भात वाढायचं थांबवून तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "काकू, वाईट नका वाटून घेऊ. मला स्वतःला ठरवून थांबायचंय. इथे, कारण इथे मला घर आहे." मग तिने विचारलं, "उद्या याल?"

"बघू," नवरा म्हणाला.

मराठी माणूस बघू म्हणाला की काय समजायचं हे तिलाही एव्हाना कळलं होतं. ती हसली आणि वरण घेतलं.

पहिली मॅच ती जिंकली, दुसरीही. क्लब आमच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर, आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात फोन पिठाच्या डब्याला टेकवून नुसते आकडे बघत बसायचो. खुर्च्या बदलायच्या नाहीत, चहा तिच्या सर्व्हिसवर प्यायचा नाही. नवऱ्याने त्या आठवड्यात घरून काम घेतलं होतं. अशी भक्ती मी त्याची देवापुढे कधी पाहिली नाही.

शुक्रवारी पंचाईत झाली. तिची तिसरी मॅच आणि माझी बारची ड्यूटी एकाच वेळी आली. बारच्या मोठ्या खिडकीतून समोरच तिचं कोर्ट दिसतं. मी काय केलं, खिडकीकडे पाठ केली आणि कॉफीच्या मशीनकडे तोंड करून उभी राहिले. कप द्यायचे तेही आडवे हात करून. बाहेरून टाळ्या ऐकू आल्या तरी मान वळवली नाही.

माझ्याबरोबर ड्यूटीला एक पिकल्या केसांची डच बाई होती, क्लबची जुनी सभासद. इथली माणसं आडपडदा ठेवत नाहीत. तिने फडकं खाली ठेवलं आणि विचारलं, "तुमचं तिच्याशी भांडण झालंय का?"

"कुणाशी?"

"तुमच्या फ्रेंच मुलीशी. बाकीच्या मुलींची यजमान कुटुंबं कुंपणाजवळच्या बाकावर बसतात, ओरडतात, फोटो काढतात. तुमचं कुणी येत नाही. ती दर गेमनंतर त्या बाकाकडे बघते. मी दोन वर्षं बघतेय. आणि आज तू इथे आहेस, तर तिच्याकडे पाठ करून उभी आहेस. तिने तुला मघाशी खिडकीतून पाहिलंय."

मी हातातला कप तसाच बशीत ठेवला. मी वळले. ती तेव्हा पलीकडच्या टोकाला होती, माझ्याकडे पाठ, खाली वाकून बॉल उचलत होती. तेवढ्यात मला सिद्धान्त आठवला आणि मी पुन्हा मशीनकडे वळले. माझा मलाच राग आला. पण वळले हे खरं.

ती जिंकली. उद्या उपांत्य फेरी.

संध्याकाळी अंगणात अजून लख्ख ऊन होतं. मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, दाढदुखी, क्रिकेट, भावाची बाल्कनी. नवऱ्याने मध्येच पॅटर्नचा मुद्दा मांडायचा प्रयत्न केला, मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. ती आधी हसली. खूप हसली. मग हसताहसता तिचा चेहरा बदलला.

"मला वाटलं, मी तुमच्यासमोर हरले म्हणून तुम्ही यायचं सोडलंत," ती म्हणाली. "माझे वडील असेच थांबले. मी एकोणीस वर्षांची होते. म्हणाले, तुला हरताना माझ्याने बघवत नाही. मग आई थांबली. आता ते फोनवर फक्त स्कोअर विचारतात."

"अगं, तसं नाही," नवरा म्हणाला. "आम्हाला वाटलं, आमच्यामुळे तू हरतेस."

आणि मग ती चिडली. पाच वर्षांत पहिल्यांदा मी तिला चिडलेलं पाहिलं. "काका, मी ट्युनिशियात हरले. पोर्तुगालमध्ये हरले. तुर्कस्तानात तर एका महिन्यात प्रत्येक आठवड्याला हरले. तिथे कोण होतं? तिथे त्या बाकावर कोण बसलं होतं?"

मला त्या सगळ्या रिकाम्या बाकांचा विचार आला आणि रडू फुटलं. उगाच कशाला लपवू, मी पदर नसलेल्या कुर्त्याला डोळे पुसले. ती उठली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "उद्या या. हरले तरी या."

शनिवारी आम्ही गेलो. नवरा सायकलवरून उतरतानाच गळाठला होता. समोरची खेळाडू एक सतरा वर्षांची पोर होती, बरोबर कोच, आईबाप, आणि बाटली भरून द्यायला मोठी बहीण. पहिला सेट त्या पोरीने आमच्या मुलीला कोर्टभर पळवून घेतला. नवरा माझ्या कानात कुजबुजला, "मी सायकली लावल्यात तिथे जाऊन उभा राहू का? नुसती पाच मिनिटं?"

"बूड उचललंस तर घरी घेणार नाही," मी म्हणाले.

तो बसला. हात मांड्यांखाली दाबून, लहान मुलासारखा. पण मग काय झालं कुणास ठाऊक, दुसऱ्या सेटमध्ये त्याने आकड्यांकडे बघायचंच सोडलं आणि तो खेळ बघायला लागला. मीही. फोनवर आम्हाला इतके दिवस नुसते पंधरा आणि तीस दिसत होते. ती सर्व्हिसच्या आधी डोळे क्षणभर मिटते, ते दिसलं नव्हतं. बॉल जाळ्याला लागून पडला की स्वतःशीच फ्रेंचमध्ये काहीतरी चरफडते, तेही नाही. दुखरा गुडघा वाचवायला ती प्रत्येक बॉलकडे आधीच निघायची, ती पोर फटका मारायच्या आत. त्या सेटमध्ये एक पॉइंट इतका लांबला की बारमधून लोक बाहेर आले. शेवटी त्या पोरीने बॉल कोपऱ्यात मारला, आमची मुलगी घसरत गेली आणि तिथून तिने बॅकहँड मारला, सरळ रेषेच्या कडेने. लाल माती उडाली. पोर जागची हलली नाही. मी उभी राहून ओरडले, मराठीत, काय ते आता सांगत नाही. तो सेट ती जिंकली.

तिसरा सेट मात्र तिचे पाय देत नव्हते. ती हरली. तिने त्या पोरीला जवळ घेतलं, अंपायरशी हात मिळवला, टाळ्या वाजल्या, इतरांपेक्षा जरा जास्त वेळ. माझ्या शेजारी आमचे हे मान खाली घालून बसलेले.

बॅग खांद्यावर टाकून ती सरळ आमच्या बाकाकडे आली. घाम, माती, नाक लाल. नवरा उठला आणि अडखळत म्हणाला, "सॉरी, मी खरंच..."

तिने त्याला पुढे बोलू दिलं नाही. "काका, दुसऱ्या सेटमधला तो बॅकहँड पाहिलात?"

"पाहिला," नवरा म्हणाला. "रेषेवर पडला. माती उडालेलीसुद्धा पाहिली."

ती आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली, बॅग पायाशी ठेवली.

"अजून काय काय पाहिलंत?" ती म्हणाली. "सगळं सांगा. मला माझी मॅच आजवर कुणी सांगितली नाहीये."

आणि माझा नवरा पहिल्या पॉइंटपासून सांगायला लागला.