मोहाखालची चटई

तेरसिंग पावराला सही करता येत नाही, पण हळदपाण्याच्या टेकडीवरचा कोणता मोह कोणाच्या घरचा, हे तो न अडखळता सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या या पाड्यात प्रत्येक घराची मोहाची झाडे ठरलेली आहेत. कागद नाही, कुंपण नाही, तरी दुसऱ्याच्या झाडाखालचे फूल कोणी उचलत नाही.

मी जळगावात चटया बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. चोवीस वर्षे हिशेबखात्यात काढल्यावर, सात वर्षांपूर्वी शेठ फुलचंदजींनी मला कंपनीच्या समाजकामाचा प्रमुख केले. पाड्यातल्या मुलींना चोपड्याच्या वसतिगृहात शिकवणे आणि उघड्या टेकडीवर आवळा, बांबू, साग लावून जगवणे, असे ते काम. टेकडीला राखणदार म्हणून मीच तेरसिंगला नेमले. त्याआधी तो दर दिवाळीनंतर बायकोला घेऊन गुजरातेत मजुरीला जायचा आणि मुलगी रोशनी शाळा सोडून त्यांच्यामागे फिरायची. नोकरी लागल्यावर तो घरी राहिला. रोशनी आता बारावीला आहे.

टेकडीचा शत्रू एकच, आग. मोहाची फुले पहाटे गळतात. वाळल्या पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून फुले पडण्याआधी बाया झाडाखालचा पाला पेटवतात. ती आग कधीकधी टेकडीवर चढते आणि लहान रोपे संपवते. मी फलक लावले, सभा घेतल्या, शपथा दिल्या. लोक माना डोलवायचे आणि पाला पेटवायचे. शेवटी मी नियम केला की आग लागवडीत शिरली तर राखणदाराची नोकरी जाईल.

गेल्या वर्षी शेठ पाड्यात आले. त्यांना बसायला मोहाखाली चटई अंथरली होती, ती उचलायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर स्वच्छ फुले पडलेली तेरसिंगला दिसली. शेठ पुन्हा आले तेव्हा त्याने सरळ त्यांनाच सांगितले, "शेठ, चटई पसारी तं पाला पेटाडानं कामच नही."

शेठ मांडीवर थाप मारून हसले. "सुकदेवराव, सात वर्षं गोदामाशेजारी बसताय आणि ही गोष्ट ह्याला सुचली! डागी चटया सगळ्या इकडे पाठवा. होळीच्या तोंडावर भोंगऱ्याचा बाजार भरतो, त्याआधी."

मीही हसलो. पण परतीच्या वाटेवर शेठ चोपड्यापर्यंत तेरसिंगबद्दलच बोलत होते, आणि मला माझे फलक आठवत होते. माझ्या एकाही कल्पनेवर शेठ असे हसले नव्हते.

यंदा फेब्रुवारीच्या मध्याला दोनशे चटया बांधून तयार झाल्या. मी त्या पाठवल्या नाहीत. प्रत्येक घराने झाडांची यादी द्यावी, त्यावर अंगठा असावा, सरपंचाची सही असावी, असा अर्ज मी तयार केला. अर्ज चुकीचा नव्हता. त्याची गरज मात्र नव्हती.

तेरसिंगचा फोन आला. "नाना, पाला गळी गया. चटया कवय येतीन?"

"याद्या आल्याशिवाय माल निघत नाही, तेरसिंगभाऊ. तुमच्यासाठी नियम वेगळा कसा करू?"

"बरं, नाना."

भोंगऱ्याचा बाजार झाला, होळी झाली. नंतर चार दिवसांनी टेकडी जळाली.

मी पोचलो तेव्हा अर्धा उतार काळा झाला होता. हिरव्या फांद्यांनी झोडपून लोकांनी आग विझवली होती. तेरसिंगच्या दोन्ही तळहातांवर फोड होते. खरे सांगायचे तर तो उतार पाहून मला आधी दुःख झाले नाही. आता शेठ काय म्हणतील, हा विचार आला, आणि तो मला गोड वाटला.

"आग कोणी लावली?" मी विचारले.

तेरसिंगच पुढे आला. "लिहा, नाना. आग मना घरनी शे. गुंतानी पाला पेटाडा."

त्याची बायको गुंताबाई मागून उसळली. "हो, मीच पेटाडा! फुलं मातीमा सडू देऊ? चटई कोठे शे?"

"याद्या आल्या नाहीत," मी म्हणालो.

"मंग तुमना अर्जच पसारसूत मोहखाले!"

त्या काळ्या उतारावरसुद्धा लोक हसले. तेरसिंग हसला नाही. तो हातांकडे पाहत म्हणाला, "रोशनीनी परीक्षा होऊ द्या, नाना. मंग आम्ही गुजरातमा जासूत."

जळगावला येऊन मी अहवाल लिहायला बसलो. 'आग राखणदाराच्या घरातून लागली. नियमाप्रमाणे त्यास कमी करावे.' दोन्ही वाक्ये खरी होती. सहीसाठी पेन उचलले आणि खिडकीतून गोदामाचे दार दिसले. दाराशी चटयांचे गठ्ठे महिनाभर तसेच पडून होते. सही होईना. बऱ्याच वेळाने मी खाली आणखी एक वाक्य लिहिले, 'चटया वेळेवर तयार होत्या. त्या मी रोखल्या.'

शेठनी कागद वाचून चष्मा काढला. "का रोखल्या?"

नियमांची उत्तरे माझ्याकडे तयार होती. तरी तोंडून निघाले, "कल्पना माझी नव्हती म्हणून."

शेठ कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "नियम तुमचा आहे, तुम्हीच खोडा. आणि चटया घेऊन उद्या स्वतः जा."

मी त्यांच्यासमोरच नियमावर रेघ मारली. तेरसिंगची नोकरी राहिली.

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्या गोपालबरोबर मी चटया घेऊन गेलो. बाया मला काही विचारत नव्हत्या. चटई उताराला आडवी की उभी, दगड कुठे ठेवायचा, सगळे तेरसिंगला विचारून चालले होते. त्याचे हात फडक्यात बांधलेले होते. तो हनुवटीने दाखवत होता. मी अंथरलेली चटई त्याने पायाने हळूच वळवून नीट केली.

तो एकटा सापडला तेव्हा मी म्हणालो, "तेरसिंगभाऊ, याद्या हे निमित्त होतं. चटया मीच अडवल्या होत्या."

"माले मालूम शे. भोंगऱ्याना बाजारमा गोपालनी सांगं व्हतं, गठ्ठा दारशी पडेल शेतस."

म्हणजे आगीच्या दिवशीही त्याला ठाऊक होते. "मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही बोललात? शेठचा नंबर आहे तुमच्याकडे."

त्याने खांदे उडवले. "तुमनी बी नोकरी शे ना, नाना."

आता चार महिन्यांनी मी निवृत्त होतोय. कंपनीच्या वार्षिक पुस्तिकेत एका माणसाबद्दल लिहा, असे शेठनी सांगितले, तेव्हा मी तेरसिंगचे नाव दिले. चटईची कल्पना कधीतरी मलाही सुचली असती, अशी समजूत मी घालून घेऊ शकतो. माझ्या नोकरीचे त्याचे ते उत्तर मात्र मला सुचले नसते. त्याचा हेवा अजून गेलेला नाही.

त्या सकाळी मी मान खाली घालून टेम्पोकडे निघालो होतो. मागून गुंताबाई ओरडली, "ओ नाना, खाले देखा! फुलंवर पाय देतस!"

मी पाय उचलला आणि चटईला वळसा घालून गेलो.