मोहाचं तेल आणि नवरीचा चेहरा

त्या तक्रारीची आठवण निघाली की मी आजही खुर्चीत सरळ होऊन बसतो. तेव्हा मी मुरबाड तालुक्यात फौजदार होतो. धसईहून फोन आला. लग्नाला चार दिवस उरलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर फोड उठले होते. हळदीत मोहाचं तेल कालवलं होतं आणि ते विकणाऱ्या कातकरी बाईला लोकांनी बाजारात घेरलं होतं.

महिला शिपाई घेऊन धावलो. बाईला ठाण्यात आणलं, पंचनामा करून हळदीत कालवलेल्या तेलाची उरलेली बाटली सील केली. बाहेर नवरीकडची माणसं ओरडतच होती. खरं सांगतो, माझाही संशय तिच्यावरच होता.

"तेलात काय मिसळलंस?" मी दरडावलं.

"काय नाय साहेब. या तेलान माझी पोरा वाढली. तुमी मला आत टाकलात, तर माझा तेल परत कोण घेल?"

आणि तिने पिशवीतली त्याच घाण्याची दुसरी बाटली उघडून तेल थेट गालाला फासलं! महिला शिपाई किंचाळली. मीही इरेला पेटलो, मनगटावर चोळलं आणि तिला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी ती हजर. गाल स्वच्छ, माझं मनगट मऊ! मी तडक नवरीचं घर गाठलं.

"हळद कोणी कालवली?"

नवरीची आत्या पुढे आली. तिच्या अंगठ्यावर काळा डाग होता.

"हे काय?"

"बिब्बा, साहेब. पोरीच्या टाचा फुटलेल्या. लग्नात पाय बरे दिसाया नको?"

बिब्ब्यात सुई टोचून दिव्यावर धरायची आणि तेल भेगेत सोडायचं, ही आमच्याकडची जुनी रीत.

"मग हळद कालवायच्या आधी हात धुतलेत?"

"फडक्याला पुसले."

सापडलं! मी जवळजवळ उडालोच. आत्या मात्र मटकन खाली बसून रडू लागली.

डॉक्टरांनी दुजोरा दिला. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं आणि नुसतं पुसून जात नाही. मोहाचं तेल कोरडी त्वचा मऊ करतं, पण एखाद्याला तेही सोसत नाही. म्हणून आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस थांबावं.

गर्दी ज्याच्याकडे बोट दाखवते त्याच्या पाठीशी उभं राहणारं कोणी नसतं, हे मी त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून मी तपास तक्रारदाराच्या घरातून सुरू करू लागलो.

लग्न पुढे ढकललं, नवरीचा चेहरा बरा झाला. एका बाजाराच्या दिवशी ती त्या बाईसमोर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत तेलाचा थेंब हाताला लावून म्हणाली, "मावशी, काय झाला नाय, तर पुढल्या बाजारला दोन बाटल्या ठेव."

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम गेलो. तिने दोन्ही नेल्या, आणि तिच्या मागे आत्याही पिशवी घेऊन उभी होती.