आपले बूट आपण पुसावेत

मी विलायतेत शेतीशास्त्र शिकलो, असं माझ्या सनदेवर लिहिलं आहे. ती सनद आमच्या बैठकीत टांगली आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं मान वर करून बघावं म्हणून मीच ती मुद्दाम उंच लावली. पण तिथलं खरं शिक्षण झालं ते माझ्या घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात, तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याकडून.

त्या घरात रात्री बूट खोलीबाहेर ठेवायची रीत होती. पहिल्या सकाळी दार उघडलं तर बूट आरशासारखे चकचकीत. मला वाटलं, घरात नोकर असेल. दुसऱ्या दिवशी लवकर उठून खाली डोकावलो, तर खुद्द घरमालक मांडीवर जुनं वर्तमानपत्र पसरून माझ्या बुटाच्या टाचेला ब्रश मारत बसले होते. मला त्या थंडीत घाम फुटला. वडीलधाऱ्या माणसानं आपल्या पायताणाला हात लावायचा म्हणजे केवढं पाप. त्या रात्रीपासून मी बूट उशाशी घेऊन झोपू लागलो. शेवटी घरमालकीणबाई चहा ओतता ओतता म्हणाल्या, "आमच्या घरातून आजवर कुणाचे बूट चोरीला गेलेले नाहीत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. अडखळत मी खरं काय ते सांगितलं. म्हातारा हसला नाही. बाकावर थोडा सरकला, माझ्या हातात ब्रश दिला आणि म्हणाला, "मग आजपासून माझेही तू पुस." पुढे मी तिथे होतो तोवर रोज सकाळी आम्ही दोघं शेजारी बसून घरातले सगळे बूट पुसत होतो.

अशाच एका सकाळी मला आमचे मामा आठवले. हे नात्यातले मामा नव्हेत. आमच्याकडचे जुने सालगडी. मला खांद्यावर बसवून पोखर्णीच्या जत्रेला नेणारे. माझं पायताण झाडून, पुसून रोज उंबऱ्यापाशी ठेवणारे. वयानं ते या गोऱ्या म्हाताऱ्यापेक्षा लहान नव्हते. याच्या हातात बूट दिसला तर मला घाम फुटतो, आणि मामांच्या हातात जन्मभर दिसला तर काहीच वाटत नाही. ब्रश हातातच राहिला.

परत आलो तो हाच धडा घेऊन. निजामाचं राज्य जाऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि नव्या राज्यात सगळं नवं करायची आम्हा पोरांना घाई होती. चुडाव्याच्या स्टेशनावर मामा बैलगाडी घेऊन आले होते. त्यांनी ट्रंक उचलली, मी ओढून घेतली. त्यांनी पुन्हा धरली, मी पुन्हा ओढली.

"सोडा ना धाकलं मालक, लोक बघायलेत."

"बघू द्या, मामा."

दुसऱ्या दिवसापासून मी माझं पाणी स्वतः काढू लागलो, अंथरूण स्वतः गुंडाळू लागलो, आणि ओसरीवर बसून, लोकांना नीट दिसेल असा, बूट पुसू लागलो. शाळेत मास्तरांनी माझं भाषण ठेवलं. मी तर रंगातच होतो. कमरेला शाल गुंडाळून विलायती म्हातारा वठवला आणि म्हणालो, "पोरांनो, पुस्तकं हैदराबादेत पण मिळतात. विलायतेला जायचं ते आपले बूट आपण पुसायला शिकायला." टाळ्या थांबेनात. मामा मागे दाराशी उभे होते. त्यांनी टाळी वाजवली नाही.

फाल्गुनात एकदा गोठ्यात त्यांनी मला गाठलं. "धाकलं मालक, तुमी परत कवा जायलाव विलायतेला?"

"का मामा, कंटाळलाव का मला?"

"न्हाई. पर तुमी हितं हाव तवर मला काम न्हाई."

मग हळूहळू सगळं कळलं. त्यांचे गुडघे गेले होते, औत धरवत नव्हतं. वडिलांनी त्यांना ठेवलं होतं ते घरातल्या वरकामापुरतं आणि मी परतल्यावर माझी कामं करायला; ती तर मीच त्यांच्या हातून काढून घेतली होती. सालगड्याचं वर्ष पाडव्याला संपतं. त्या दिवशी मालक पुढच्या सालाचं बोलतो किंवा बोलत नाही. आणि यंदा वडील म्हणाले होते, "पाडव्याला बघू."

मी तसाच वडिलांकडे गेलो. ते सुपारी कातरत होते.

"आबा, मामांना काढू नका."

"मी कुठं काढलं? तू काढलंस. साऱ्या गावादेखत."

"तसंच ठेवा ना त्यांना. बसून खातील."

"बसून खाणारा माणूस हाय का तो? तसं म्हणून बघ. उद्या तांबडं फुटायच्या आत निघून जाईल."

शाळेतल्या टाळ्या कानात वाजू लागल्या आणि कान गरम झाले.

दुसऱ्या सकाळी मी अंथरुणातून उठलोच नाही. ओसरीवर वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "मामा, पाणी." मग, "मामा, टावेल." मग, "मामा, माझे बूट कुठं मेलेत?" मामा गुडघे धरत आले. तोंडभर हसू. "इलायतेला जाऊन बी सुदारला न्हाईत तुमी," असं वडिलांकडे बघत मोठ्यानं म्हणाले. पाडव्याला वडील त्यांच्याशी पुढच्या सालाचं बोलले. मामांनी त्या दिवशी पोळ्या मागून मागून खाल्ल्या.

नाटक पाडव्यापर्यंतच करायचं, असं मी ठरवलं होतं. मग वाटलं, लगेच सोडलं तर संशय येईल. मग उन्हाळा लागला. मग पेरण्या आल्या.

पुढे श्रावणात पालमहून पाहुणे आले. त्यांना मी त्या विलायती म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, उशाशी घेतलेल्या बुटांसकट, सगळ्या हावभावांसकट. पाहुणे पोट धरून हसले. त्यांना निरोप द्यायला उंबऱ्यापर्यंत आलो तरी माझं बोलणं चालूच होतं, आणि बोलता बोलता मी पाय पुढे केला. मामा खाली बसून माझ्या बुटाची नाडी बांधू लागले. पाहुणे हसायचे थांबले. मला वाटलं, गोष्ट आता खरी रंगली. ते का थांबले, हे मला त्यांची गाडी पालमच्या रस्त्याला लागल्यावर कळलं.

त्यानंतर मामा होते तोवर ही गोष्ट मी आमच्या घरात कुणाला सांगितली नाही.