टाळीसर आणि बमरोलीची साठ घरं

टाळीसरांना दुसऱ्याचं यश पोटात ठेवता येत नसे. बातमी कळली की ते हातातलं काम टाकून विभागाच्या व्हरांड्यात येत, "चालो, बधा बहार!" अशी हाक देत आणि आम्ही सगळे वर्गांतून बाहेर आलो की तीन टाळ्या वाजवत. तीनच, पण अशा कडक की समोरच्या झाडावरचे कावळे उडत. मग ज्याचं यश असेल त्याला पुढे उभं करून त्याने काय केलं ते सांगत. सुरतेतल्या आमच्या विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाचे ते प्रमुख. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, पण ते टपालवाल्याच्या उपयोगाचं. विद्यार्थ्यांत ते टाळीसर.

यश कशाला म्हणायचं, याबाबत मात्र त्यांचा हात फार सैल होता. नेट परीक्षा पास होणं हे यश होतंच. पण शिपाई रमणभाईंनी दोन महिने गळणारा नळ स्वतः दुरुस्त केला, त्यालाही तीन टाळ्या पडल्या. एम.ए.च्या पहिल्या वर्षी, तिसऱ्या आठवड्यात, मी वर्गात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि "राज्यपालांना परत कोण बोलावतं?" असं विचारलं. सरांनी तास थांबवून सगळ्यांना बाहेर नेलं. "आज हिने प्रश्न विचारला," ते म्हणाले, "आणि चांगला विचारला." मला कुठे लपावं कळेना. माझ्या बाकावरची हेतल कानात म्हणाली, "ए महाराष्ट्र, रोज एक विचारत जा. तेवढाच तास बुडतो."

मी खानदेशातल्या साक्रीची. शाळा मराठी, बी.ए.ही तिथलंच. वडील, म्हणजे नाना, सुरतेच्या कडेला बमरोलीत कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला, म्हणून बी.ए.नंतर माय आणि मीही सुरतेला आलो. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. गुजराती वाचायला शिकले ते दुकानांच्या पाट्यांवरून, त्यामुळे 'मिठाई' आणि 'दवाखाना' झटकन वाचता येई, 'सार्वभौमत्व' वाचताना घाम फुटे. हे मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांना कीव वगैरे आली नाही. "दोन लिप्या येतात तुला. माझ्या अर्ध्या वर्गाला एक धड येत नाही. रडतेस कशाला, बेटा?" माझ्याशी ते गुजरातीत मराठी कालवून बोलत.

माझं एम.ए.चं दुसरं वर्ष हे सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं, आणि त्या वर्षी विभागाला जणू सुगी आली. दोघं नेट झाले. एका ताईंची पीएच.डी. पूर्ण झाली, त्या तर लहान मुलीला कडेवर घेऊन टाळ्या घ्यायला उभ्या राहिल्या. युवा संसदेच्या स्पर्धेत आमचा संघ दुसरा आला, तेव्हा मुलं तोंड पाडून परतली. सर म्हणाले, "दुसरा म्हणजे पुढे फक्त एक. मागे बघा की किती आहेत!" त्या दिवशी टाळ्यांबरोबर खमणही मिळालं. सरांचं स्वतःचं पुस्तक त्याच वर्षी छापून आलं, पण ते त्यांनी कपाटात फायलींमागे ठेवलं होतं. रमणभाईंना झाडताना सापडलं, म्हणून आम्हाला कळलं.

माझं मात्र त्या वर्षी सगळंच टांगणीला होतं. साक्रीहून एक स्थळ आलं होतं आणि नाना एवढंच म्हणाले होते, "यंदाचं वर्ष तुझं. यंदा झालं तर झालं." एम.ए.साठी लघुप्रबंध लिहायचा होता. माझा विषय होता बमरोलीतल्या खानदेशी कामगारांचं मतदान. वेळेत दिला नाही तर वर्ष गेलं, आणि दुसरं वर्ष मागायची सोय नव्हती.

प्रबंधाच्या बाबतीत टाळीसर अगदी वेगळे होत. कुणाला विचारलं, कधी, कुठे उभं राहून, सगळं खोदून विचारत. त्यांचा एक नियम होता: "ज्या घरचं पाणी प्यायली नाहीस, त्या घरचं उत्तर लिहायचं नाही." मी साठ घरं फिरले, साठ घरचं पाणी प्यायले, साठ फॉर्म भरले, आणि तीन प्रकरणं लिहून सरांच्या टेबलावर ठेवली. मुदतीला अकरा दिवस उरले होते.

सरांनी पानं उलटली. एका जागी थांबले.

"बेटा, बमरोलीत विहीर कुठे आहे?"

"विहीर नाही, सर."

"मग निवडणुकीतला मोठा प्रश्न विहिरीचा गाळ, असं चौदा जणांनी कसं सांगितलं? आणि हे बघ. उमेदवाराला ओळखता का? साठपैकी साठ हो! मी राज्यशास्त्र शिकवतो, मला माझ्या वॉर्डातला उमेदवार ओळखू येत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं होतं सुरत महापालिकेच्या निवडणुकीबद्दल. साठही घरांनी उत्तरं दिली होती गावच्या ग्रामपंचायतीची. आमची माणसं वर्षानुवर्षं सुरतेत राहतात, पण नावं गावच्या यादीत ठेवतात. मतदान आलं की गाड्या भरून गावी जातात.

"तुला हे लिहिताना कळलं कसं नाही?" सरांचा आवाज चढला होता.

मी रडतच म्हणाले, "सर, मला कुणी विचारलं असतं तर मीही गावचंच सांगितलं असतं. माझंही नाव तिकडेच आहे."

सरांनी प्रकरणं मिटवून बाजूला ठेवली. चहा आला, तो प्यायले. मग म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस? हाच तुझा प्रबंध. फॉर्म फाडू नको. त्याच साठ घरी परत जा आणि एकच विचार: गावचं कळलं, इथलं काय?"

"अकरा दिवसांत?"

"दहा. एक दिवस टायपिंगला."

संध्याकाळच्या हेलपाट्यांत माझी कशीबशी वीस घरं झाली. रविवारी सर स्कूटरवरून स्वतः आमच्या चाळीत आले. पण त्यांच्या हातातली फाइल बघून लोक दारं लोटून घेऊ लागले. खोल्या पाडायला कुणी साहेब आला, असं त्यांना वाटलं. नानांची त्या दिवशी सुट्टी होती. ते दारात उभे राहून थोडा वेळ हे बघत राहिले, मग चपला घालून म्हणाले, "चला साहेब, मी येतो."

मग फिरताना प्रश्न नानाच विचारू लागले, आणि फार दरडावून. "खरं सांग रे बापू, इथला नगरसेवक कोण?" बापू दादा डोकं खाजवू लागले. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या मायने आतूनच उत्तर दिलं, "आमी ते गावमाच मत देतस. आठे कोन वळखस आमले?" म्हणजे, इथे त्यांना ओळखतं कोण! सर म्हणाले, "हे जसंच्या तसं लिही." नवव्या घरानंतर सरांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी परत केला आणि हळूच मला म्हणाले, "माझा नियम जरा कडक आहे, नाही?"

रात्री शेवटच्या, साठाव्या घरातून बाहेर पडल्यावर नाना एकाएकी थांबले. "साहेब, पाणी इथलं पितो, गटार तुंबली तर इथली तुंबते, आणि मत देतो साक्रीला. हे चूक का बरोबर?"

सर म्हणाले, "याचं उत्तर मला येत नाही. तुमची मुलगी शोधते आहे."

नानांनी माझ्याकडे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं असं पाहिलं.

प्रबंध मुदतीच्या दिवशी दुपारी दिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी विहिरीचा किस्सा दोनदा सांगायला लावला आणि चांगले गुण दिले. त्याच उन्हाळ्यात सर निवृत्त झाले आणि गणदेवीकडे आपल्या चिकूच्या वाडीवर राहायला गेले. आजही त्यांचा फोन येतो. प्रकृतीची चौकशी नंतर; आधी "किती घरं झाली?"

त्यांच्या निरोपाच्या दिवशी नाना पहिल्यांदा विद्यापीठात आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात घरचे लाडू घेऊन. कार्यक्रम झाल्यावर सर आपली पुस्तकं खोक्यात भरत होते. नाना दाराशी बराच वेळ घुटमळले.

"साहेब, याच्यापुढे हिचं अजून शिक्षण असतं का?"

"असतं. पीएच.डी."

"त्याला किती वर्षं?"

सरांनी खोटं सांगून धीर दिला नाही. "चार. पाच. कधी सहाही लागतात."

नानांनी मनाशी काही तरी जुळवलं. "साक्रीच्या स्थळाला 'नाही' म्हणून कळवतो," ते म्हणाले. "सहा धरू." आणि पुस्तकांचं सगळ्यात जड खोकं उचलून जिना उतरू लागले.

नानांनी धरलेल्या सहांपैकी सध्या तिसरं चालू आहे.