सिस्टरबाईंचं सुंठीचं घर

माझ्या पोटात काही राहत नाही, अशी घरात माझी ख्याती आहे. मुली मला काही सांगण्याआधी एकमेकींकडे बघून घेतात. त्यांचं चुकत नाही. पण लहानपणी एकदा मी एक गोष्ट चांगली चार दिवस पोटात ठेवली होती. तेव्हा झालेला घोटाळा पाहता, पहिल्याच दिवशी ओकले असते तर बरं झालं असतं.

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. वडील धाराशिवच्या कचेरीत कारकून. आम्ही राहत होतो त्या आवारात मध्ये आड, भोवती पाच बिऱ्हाडं, त्यातलं एक मालकीणकाकूंचं, आणि कोपऱ्यातल्या एका खोलीत सिस्टरबाई. त्या दवाखान्यात होत्या. नगरकडच्या, ख्रिश्चन, एकट्या. तीन वर्षांत आवारातलं प्रत्येक मूल त्यांच्या हातावर जन्मलेलं. माझी धाकटी बहीणसुद्धा. त्यामुळं दिवाळीला पाचही घरांतून त्यांच्याकडं फराळाचं ताट जायचं.

त्या वर्षीची ताटं मात्र परत आली नव्हती. आपल्याकडं आलेलं ताट कुणी रिकामं पाठवत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतात. सिस्टरबाईंनी पाचही ताटं घासून भिंतीशी उभी करून ठेवली होती.

डिसेंबरच्या एका संध्याकाळी त्यांनी मला, माझ्या पाच वर्षांच्या भावाला आणि मालकीणकाकूंच्या चार वर्षांच्या नातीला खोलीत बोलावलं आणि दार लावलं.

"नाताळसाठी आपण एक घर करणार आहोत," त्या म्हणाल्या. "खायचं घर. मला शिकवणाऱ्या विलायतेच्या डॉक्टरीणबाई करायच्या. नाताळच्या दिवशी सगळ्यांना दाखवायचं, मग मोडून पाची ताटांत घालून पाठवायचं. भिंती मी भाजते, नक्षी तुम्ही करा. तोवर कुणाला सांगायचं नाही. हे घर मोठ्या मुलीच्या भरवशावर आहे बरं का."

मोठी मुलगी म्हणजे मी. नऊ वर्षांची. मी छाती एवढी फुगवली की फ्रॉकचं वरचं हूक तुटलं.

गव्हाचं पीठ, तूप, गूळ आणि सढळ हातानं सुंठ. पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे. पहिल्या दिवशी भिंती करपल्या. दुसऱ्या दिवशी मोडल्या. तिसऱ्या दिवशी जमल्या. गुळाच्या पक्क्या पाकानं त्या एकमेकींना चिकटवल्या आणि आम्ही मजूर कामाला लागलो. डाळ्यांच्या विटा, बडीशेपेच्या गोळ्यांची तोरणं, कौलं म्हणून बत्तासे. छपरावर खोबऱ्याचा कीस पसरायचा होता.

"तिकडं विलायतेत घरावर बर्फ पडतो," सिस्टरबाईंनी सांगितलं.

"गोळेवाल्याचा?" भावानं विचारलं. "मग लाल रंग कुठाय?"

काकूंची नात एक बत्तासा लावायची आणि दोन खायची. मी तिच्यावर देखरेख करायचे आणि तीन खायचे. दार भावानं एकट्यानं केलं. त्यावर खसखशीचं स्वस्तिक काढलं, म्हणजे काढायला घेतलं, आणि एक पाय विसरला. सिस्टरबाई म्हणाल्या, राहू दे, छान दिसतंय.

आता वासाची गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं सुंठ, गूळ आणि तूप यांचा वास एकत्र आला की माणसं विचारतात, मुलगा की मुलगी? तो बाळंतिणीच्या खोलीचा वास. आणि तीन दिवस तो एका एकट्या बाईच्या बंद दारातून येत होता, जी बाई पेशानं सुईण होती. आडावरच्या बायकांना पुढचं कुणी समजावायला नको होतं. कुणातरी मोठ्या घरची पोर गुपचूप बाळंत झाली असणार आणि सिस्टरबाईंनी तिला लपवून ठेवली असणार.

मालकीणकाकूंनी मला आडाजवळ गाठलं.

"आत कोण हाय गं?"

"सांगणार नाही."

"म्हंजी हाय कुणीतरी!"

"नाताळच्या दिवशी कळंल सगळ्यांना," मी रुबाबात म्हणाले.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! बारशाचा दिवस बी ठरला जणू!"

त्या रात्रीपर्यंत बोलणं खोलीवर आलं. काकू आईला म्हणाल्या, "माझ्या आवारात असली लफडी न्हाय खपायची. उद्या सकाळी सांगते, खोली खाली करा म्हणून."

मी हे ऐकलं. बाळंतीण वगैरे मला काही कळलं नव्हतं. सिस्टरबाईंना काढणार, एवढं कळलं होतं. सकाळी आईनं मला चुलीपाशी बसवलं आणि आवाज मऊ केला. तो आवाज ती एरंडेल पाजतानाही काढायची. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

"मला एकटीला सांग. भवानीशप्पथ, कुणाजवळ बोलणार नाही."

तुळजापूर आमच्यापासून किती लांब? त्या आईची शपथ म्हणजे आमच्याकडं पुढं काही विचारायचंच नसतं. मी सांगून टाकलं. घर, छप्पर, बत्तासे, पाच ताटं, सगळं. आई खूप हसली, मला जवळ घेतलं, आणि पदर खोचून तडक मालकीणकाकूंकडं गेली.

पाच मिनिटांत पाच बायका कोपऱ्यातल्या दाराशी. नाताळला एक दिवस बाकी होता. सिस्टरबाई कामावर निघायच्या तयारीत, पांढऱ्या साडीत. मागं स्टुलावर घर. अर्ध्या छपराला कौलं नाहीत, खोबरं अजून पुडीत.

"अगं बया! हे व्हय!" काकू हसत सुटल्या. "आन् आमी म्हणलं, सुंठीचा वास येतोय, कुणाची बाळंतीण ठेवलीय की काय!"

सगळ्या हसल्या. आईसुद्धा. काकूंनी हात लांबवून भिंतीचा कोपरा मोडला, चाखला. "सुंठ जरा जास्त पडली बगा."

सिस्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाचही जणींकडं एकेक करून पाहिलं. यातल्या प्रत्येकीचा, नाहीतर तिच्या लेकी-सुनेचा हात त्यांनी कधी ना कधी रात्रभर धरलेला होता. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी भावाच्या मागं लपले. नऊ वर्षांची मुलगी पाच वर्षांच्या मुलामागं कितीशी लपणार?

त्या आत गेल्या. ताटं काढली, घर हातानं मोडलं आणि पाच ताटांत सारखं घातलं. "तुमची ताटं राहिली होती," म्हणाल्या आणि दारातच एकेकीच्या हातात दिली. आमच्या ताटात दार आलं, तीन पायांचं स्वस्तिक असलेलं. भाऊ मोठ्यानं रडला. माझ्या वाटचंही तोच रडला, कारण मला रडायला तोंड नव्हतं.

आवार निवांत झाल्यावर मी कोपऱ्यात गेले. त्या कुलूप लावत होत्या.

"तू सांगितलंस त्याचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "लेकरू आहेस. पण त्यांनी मला विचारायचं की. दार तर हे इथंच होतं."

मी घरी येऊन आईला म्हटलं, "तू शपथ मोडलीस."

"मोडली म्हणून त्यांची खोली वाचली. देवीचं मी बघून घेईन."

मी तिच्याशी जन्मभर न बोलायचं ठरवलं. संध्याकाळी भाकरीबरोबर ठेचा होता आणि लोणी तिच्याजवळ होतं. जन्मभर तिथं संपलं. पण आतलं काही मिटलं नाही. पुढं कितीतरी वर्षं तिनं शपथ घेतली की मी उठून जायची.

देवीचं मात्र तिनं खरंच बघून घेतलं. पुढच्याच मंगळवारी मला घेऊन एसटीनं तुळजापूरला गेली, ओटी भरली, नाक घासलं, कान धरले. मनापासून केलं सगळं, डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तुळजापूरला जाऊन आली. आडापलीकडच्या दारापर्यंत, दहा पावलं, ती काही गेली नाही. कुणीच गेलं नाही. जानेवारीत सिस्टरबाईंनी स्वतःच खोली सोडली आणि दवाखान्याजवळ राहायला गेल्या.

पुढच्या दिवाळीला आईनं सगळ्यात मोठं ताट भरलं. करंज्या, शेव, अनारसे, वर भरतकामाचा रुमाल. "जा, देऊन ये. काही बोलू नको, नुसतं दे."

सिस्टरबाईंनी फराळ डब्यात काढून घेतला. ताट घासलं, पुसलं, रुमालाची घडी घालून वर ठेवली आणि लगेच माझ्या हातात दिलं. मग जरा थांबल्या. माझी मूठ उघडून तळहातावर एक बत्तासा ठेवला. ताटात नाही, हातावर.

बत्तासा मी रस्त्यात खाल्ला.

आई दारातच उभी होती. तिनं रुमाल उचलला. ताट चकचकीत होतं. साखरेचा कणसुद्धा नव्हता.

"काहीच दिलं नाही?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. तोंड अजून गोड होतं.

आई ताटाकडं बघत राहिली. मग आत गेली आणि ते फळीवर, सगळ्या ताटांच्या मागं ठेवून दिलं.